अन्योन्याश्रयाचा मनोरा

न्यायशास्त्र नुकतेंच शिकूं लागलेल्या एका पंडिताची गोष्ट आमच्या वयाच्या पुष्कळांनीं लहानपणीं ऐकली असेल. तुपाचें भांडें घेऊन घरीं येत असतां त्याला प्रश्न पडला कीं, भांडें तुपाला आधार आहे कीं तूप भांड्याला? शंकानिरसनार्थ त्यानें भांडें उलटें केलें. तूपही गेलें आणि शंकाही गेली. या गोष्टीला आम्ही आजवर हंसत आलों. परंतु अलीकडे एका शिल्पाची माहिती मिळवितांना त्या पंडिताविषयीं आमच्या मनांत थोडा आदर उत्पन्न झाला आहे. या शिल्पांत आधार कोणता आणि आधेय कोणतें, हें तें उलटें करूनही कळत नाहीं.

अमेरिकन शिल्पकार केनेथ स्नेल्सन यांनीं १९६८ सालीं घडविलेला ‘नीडल टॉवर’ तो हा. नांवाचा अर्थ सुईसारखा मनोरा. वॉशिंग्टन येथील हर्शहॉर्न संग्रहालयाच्या संग्रहांत तो आहे. उंची सुमारें १८ मीटर, म्हणजे पांच मजली इमारतीएवढी. आणि साहित्य काय, तर अल्युमिनियमच्या नळ्या व पोलादाच्या तारा, एवढेंच. पुढच्याच वर्षीं त्यांनीं याच जातीचा ३० मीटर उंचीचा दुसरा मनोरा केला. तो नेदरलंड्समध्यें ओटर्लो या गांवीं क्रोलर-म्युलर संग्रहालयाकडे आहे. छायाचित्र पाहतांना प्रथम असें वाटतें कीं, कोणीं तरी मूठभर नळ्या आकाशांत उधळल्या आणि त्या खालीं पडावयाच्या विसरल्या. नीट निरखल्यावर ध्यानांत येतें कीं, प्रत्येक थरांत तीन तिरप्या नळ्या आहेत, वर वर त्या आखूड होत गेल्या आहेत, एक थर उजवीकडे पिळलेला तर त्यावरचा डावीकडे, आणि इतक्या नळ्यांत एकही नळी दुसरीला टेकलेली नाहीं. नळीच्या टोंकाला तारा, त्या तारा दुसऱ्या नळ्यांच्या टोंकांना, आणि तेथून पुन्हां पुढें. मनोरा उभा आहे, पण खांबावर खांब असा कोठेंच नाहीं.

हें विलक्षण कां वाटतें, तें आपल्या घराकडे पाहिलें म्हणजे समजेल. पायावर जोतें, जोत्यावर भिंत, भिंतीवर तुळई, तुळईवर माडी. भार वरून खालीं येतो आणि प्रत्येक वस्तु आपल्या खालच्या वस्तूला दाबते. आपलीं दगडी देवळें या दाबावरच शेंकडों वर्षें उभीं आहेत. दगड दाब उत्तम सोसतो, ताण मात्र त्याला फारसा सोसवत नाहीं. लांब पल्ल्याची दगडी तुळई मध्येंच तडकते, म्हणून सभामंडपांत खांबांची एवढी दाटी करावी लागते. दोरीचें याच्या उलट. ताण कितीही द्या, पण दाबाचें नांव काढतांच ती लोळण घेते. तरी ताणावर चालणाऱ्या वस्तु घरांत नाहींत असें नाहीं. कपडे वाळत घालण्याची दोरी आहे, बाज आहे, झोपाळा आहे, तंबोरा आहे; आणि या सर्वांत शहाणी वस्तु म्हणजे सायकल. तिच्या चाकांतील तारा इतक्या बारीक असतात कीं, काठीसारखा भार त्यांवर देऊं गेल्यास त्या वांकतील. त्या फक्त ओढतात. आणि चहूंकडून आधींच ताणून ठेवलेल्या असल्यामुळेंच तो बारीक तारांचा पसारा माणसाचें वजन पेलतो. दोनचार तारा ढिल्या पडल्या म्हणजे चाकाची काय अवस्था होते, हें सायकल वापरणाऱ्यास सांगावयास नको.

स्नेल्सन यांनीं हीच युक्ति शेवटापर्यंत नेली. ज्या भागांवर दाब आहे ते सर्व त्यांनीं एकमेकांपासून तोडले, आणि ज्यांवर ताण आहे ते सर्व अखंड जोडले. नळी आपल्या टोंकांनीं तारांना बाहेर ढकलते, तारा नळीला आंत ओढतात, आणि या ओढाताणींत दोघांनाही जागचें हालतां येत नाहीं. न्यायशास्त्रांत अन्योन्याश्रय हा दोष मानला आहे. पहिली गोष्ट सिद्ध करण्यास दुसरी लागते आणि दुसरी सिद्ध करण्यास पहिली, तर दोन्हीही असिद्धच राहतात. येथें तोच दोष गुण होऊन बसला आहे.

नुसत्या वाचनानें याची खात्री पटत नाहीं. आम्हांसही पटली नव्हती. म्हणून एका सुटीच्या दिवशीं आम्हीं व आमच्या नातवानें मिळून वीतभर लांबीच्या सहा सारख्या काड्या घेतल्या. प्रत्येकीच्या दोन्ही टोंकांना चाकूनें खांच पाडली, आणि त्या खांचांत बसवून प्रत्येकीवर लांबीच्या दिशेनें रबराचें एकेक कडें चढविलें. म्हणजे प्रत्येक काडीच्या दोहों बाजूंस रबराची एकेक दोरी झाली. मग दोन काड्या समांतर उभ्या धरल्या. त्यांच्या वरच्या टोंकांच्या मधून तिसरी काडी आडवी घातली, आणि तिच्या रबराची एक बाजू एका उभ्या काडीच्या खांचेंत व दुसरी बाजू दुसरीच्या खांचेंत अडकविली. खालच्या टोंकांत चौथी काडी तशीच. उरलेल्या दोन काड्या या दोन आडव्या काड्यांच्या टोंकांमध्यें त्याच रीतीनें घातल्या, आणि त्यांचीं स्वतःचीं टोंकें उभ्या काड्यांच्या रबरांत अडकविलीं. हें लिहावयास सोपें आहे. प्रत्यक्षांत सहा हात पुरले नाहींत. तीन वेळां सर्व पसारा सुटून एक रबर सूनबाईंच्या आमटींत जाऊन पडलें. चौथ्या खेपेस शेवटचें रबर खांचेंत बसलें मात्र, आणि तोंपर्यंत नुसता ढीग असलेल्या त्या काड्या एकदम आकार धरून उभ्या राहिल्या. नातवानें ती वस्तु जमिनीवर टाकली. ती उसळली, गडगडली, आणि पुन्हां जशीच्या तशी. “आजोबा, यांतली कुठली काडी कुणाला धरून आहे?” असें त्यानें विचारलें, तेव्हांच आम्हांस तुपाचें भांडें आठवलें. समांतर असलेल्या दोन काड्यांमधील अंतर पट्टीनें मोजलें, तें काडीच्या लांबीच्या जवळजवळ निम्में भरलें. रबराचे चोवीसही तुकडे अगदीं सारखे असते तर तें बरोबर निम्मेंच आलें असतें, असें भूमिति सांगते. ज्यांच्या घरीं आठनऊ वर्षांचें मूल आहे त्यांनीं हा प्रयोग अवश्य करावा, फक्त स्वयंपाकघरापासून दूर.

या रचनांनीं गणितज्ञांसही थोडें चकविलें आहे. स्कॉटिश शास्त्रज्ञ मॅक्सवेल यांनीं १८६४ सालीं एक नियम सांगितला होता. सांगाडा ताठ राहावा असें वाटत असेल तर त्यांत जितके सांधे असतील त्यांच्या तिपटींतून सहा वजा केल्यावर जी संख्या येईल, निदान तितके दुवे पाहिजेत. बारा सांध्यांना तीस. आमच्या काड्यांच्या वस्तूंत सहा काड्या आणि चोवीस रबरी तुकडे, म्हणजे बरोबर तीस भरतात. परंतु याच जातीची एक आकृति अशी आहे कीं, तिच्यांत सांधे बाराच, काड्या सहा आणि दोऱ्या अठराच आहेत. दुवे चोवीसच झाले. नियमाप्रमाणें ती कोसळली पाहिजे, आणि ती तर उभी राहते! केंब्रिजचे कॅलडाइन यांनीं १९७८ सालीं दाखवून दिलें कीं, मॅक्सवेल यांनीं अशा अपवादाची सूचना आपल्या मूळ लेखांतच करून ठेवली होती. दोऱ्या आधींच ताणलेल्या असल्या म्हणजे कमी दुव्यांतही ताठपणा येतो. मात्र तो दगडी भिंतीचा ताठपणा नव्हे. धक्का दिला तर वस्तु किंचित् वांकते आणि पुन्हां मूळ जागीं येते.

आतां या रचनेच्या जन्माची हकीकत सांगितली पाहिजे, आणि आमच्या मतें ती शिल्पाहून कमी महत्त्वाची नाहीं. स्नेल्सन यांचा जन्म १९२७ सालचा, ऑरेगॉन प्रांतांतील पेंडलटन गांवचा. १९४८ च्या उन्हाळ्यांत, वयाच्या एकविसाव्या वर्षीं, ते जोसेफ आल्बर्स यांच्या हाताखालीं चित्रकला शिकण्यासाठीं नॉर्थ कॅरोलायनांतील ब्लॅक माउंटन कॉलेजांत गेले. त्याच उन्हाळ्यांत तेथें बकमिन्स्टर फुलर हे गृहस्थ शिकवावयास आले. वय त्रेपन्न, वाणी अखंड, आणि बरोबर भूमितीच्या आकृतींचे नमुने. त्या व्याख्यानासाठीं नमुने जुळविण्यास मदत कर, असें आल्बर्स यांनीं स्नेल्सन यांस सांगितलें. त्या उन्हाळ्यांत फुलर यांनीं खिडकीच्या पडद्यांना वापरतात तसल्या पट्ट्यांचा एक मोठा घुमट उभा करण्याचा प्रयत्न केला. तो उभा राहिला नाहीं, जमिनीवरच पसरला. पुढें जगभर नांव झालेल्या घुमटांची सुरुवात अशी आहे. तरुण मुलांवर मात्र या माणसाची विलक्षण छाप पडली.

सुटींत घरीं गेल्यावर स्नेल्सन हातानें कांहीं तरी करीत बसले. तारेचे व मातीच्या वजनांचे डोलणारे छोटे मनोरे त्यांनीं प्रथम केले. मग त्यांच्या मनांत आलें कीं, हीं वजनें काढून त्यांच्या जागीं ताणलेल्या दोऱ्या घातल्या तर? त्यांतून १९४८ च्या अखेरीस प्लायवुडचे दोन फुली-आकाराचे तुकडे तयार झाले. एक दुसऱ्याच्या वर, मध्यें फक्त नायलॉनच्या दोऱ्या, आणि वरचा तुकडा हवेंत. यापूर्वीं असें कोणीं केल्याचें त्यांस ठाऊक नव्हतें. १९४९ च्या उन्हाळ्यांत त्यांनीं तें फुलर यांस नेऊन दाखविलें.

पुढील हकीकत स्नेल्सन यांनीं १९९० सालीं फ्रेंच संशोधक रेने मोत्रो यांस लिहिलेल्या पत्रांत सविस्तर दिली आहे. फुलर यांनीं ती वस्तु हातांत घेतली, उलटीसुलटी करून बराच वेळ पाहिली, आणि ‘ही माझ्याजवळ राहूं दे’ अशा अर्थाचें म्हणाले. आपली भूमिति कलेसाठीं वापरली म्हणून गुरु रागावले नाहींत, याचेंच शिष्याला समाधान वाटलें. त्यानें वस्तु दिली. दुसऱ्या दिवशीं फुलर म्हणाले कीं, फुलीचा आकार बरोबर नाहीं, चतुष्फलकाच्या मध्यापासून चार कोनांकडे जाणाऱ्या दांड्यांचा पाहिजे. शिष्य जवळच्या गांवीं गेला, पडद्याच्या सरकत्या दांड्या विकत आणल्या, आणि गुरूंच्या सांगण्याप्रमाणें नवी रचना करून दिली. ती हातांत धरून गुरूंनीं आपलें छायाचित्र काढून घेतलें. मूळची प्लायवुडची वस्तु आपल्या घरून नाहींशी झाली, असें त्याच उन्हाळ्याच्या शेवटीं फुलर यांनीं सांगितलें. १९५१ सालीं वास्तुविषयक एका मासिकांत ही रचना फुलर यांची म्हणून छापून आली. शिष्याचें नांव कोठेंच नव्हतें. पुढें १९५५ च्या सुमारास फुलर यांनीं तिला ‘टेन्सेग्रिटी’ हें नांव दिलें. ताण आणि अखंडता या अर्थाचे दोन इंग्रजी शब्द जोडून तें केलें आहे, आणि तेंच रूढ झालें. १९५९ सालीं न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयांत फुलर यांच्या रचनांचें प्रदर्शन भरलें, तेव्हां स्नेल्सन यांनीं आपली बाजू संग्रहालयाचे अधिकारी आर्थर ड्रेक्सलर यांच्यापुढें मांडली. तेव्हां कुठें त्यांचें नांव तेथें लागलें. मधल्या काळांत उदरनिर्वाहासाठीं ते चलच्चित्राचा कॅमेरा चालवीत होते.

फुलर यांची बाजूही ऐकली पाहिजे. ताण अखंड आणि दाब तुटक ही कल्पना आपल्या मनांत फार पूर्वीपासून घोळत होती, शिष्यानें तिचा एक नमुना तेवढा दाखविला, असें त्यांचें म्हणणें असे. त्यांत अगदींच तथ्य नाहीं असें आम्ही म्हणणार नाहीं. तो उन्हाळा आणि तें व्याख्यान नसतें तर पेंडलटनच्या त्या मुलाच्या हातून हें झालें असतें कीं नाहीं, कोण सांगूं शकेल? तथापि मनांत घोळणें वेगळें आणि वस्तु उभी करणें वेगळें. फुलर यांचा घुमट त्या उन्हाळ्यांत जमिनीवर पडला होता; विद्यार्थ्याची फुली हवेंत उभी होती. गुरूच्या हातांतून ती विद्यार्थ्याच्या नांवासह बाहेर पडावयास हवी होती, असा आमचा निर्णय आहे.

हा निर्णय देण्याचा अधिकार आम्हांस कितपत आहे, हा मात्र प्रश्न आहे. आम्हीं पुष्कळ वर्षें भूमिति शिकविली. एका वर्षीं एका विद्यार्थ्यानें वर्तुळावरील एका प्रमेयाची सिद्धता पुस्तकांतल्याहून चार ओळींनीं आखूड करून दाखविली. आम्हीं त्याची पाठ थोपटली, आणि पुढच्या वर्षापासून ती फळ्यावर लिहूं लागलों. पहिलीं एकदोन वर्षें त्याचें नांव सांगितलें. पुढें ‘एक सोपी रीत अशी आहे’ असें म्हणूं लागलों. निवृत्त होण्याच्या सुमारास ती आमचीच रीत म्हणून शाळेंत प्रसिद्ध होती, आणि तसें कोणी म्हटलें तर आम्ही नाहीं म्हणत नव्हतों. हा लेख लिहितांना त्या मुलाचें नांव आठवून पाहिलें. आडनांव आठवलें. नांव आठवत नाहीं.

या वादाला आणखी एक कंगोरा आहे. १९२१ सालीं मॉस्को येथें तरुण कलावंतांच्या एका प्रदर्शनांत लाटव्हियाचे कार्ल योहान्सन यांनीं कांहीं रचना मांडल्या होत्या. त्यांतील एक केवळ तीन दांड्या आणि कांहीं दोऱ्या यांची होती, आणि तीही दांडीला दांडी न टेकतां उभी होती. मात्र ती ताठ नव्हती. एक सैल दोरी ओढली कीं तिचा आकार बदले. योहान्सन १९२९ सालीं वारले. ती रचना उरली नाहीं. मोहोय-नॉज यांनीं आपल्या पुस्तकांत छापलेल्या छायाचित्रामुळें ती जगास ठाऊक राहिली. म्हणजे गुरु आणि शिष्य यांच्या आधीं तिसराच एक होता, आणि त्याच्यासाठीं भांडणारा कोणी नव्हता. पुढें पेटंटें निघालीं: फुलर यांचें १९६२ सालीं, स्नेल्सन यांचें १९६५ सालीं, त्याच सुमारास फ्रान्समध्यें एमेरिक यांनींही आपल्या वाटेनें जाऊन तशाच रचनांवर हक्क नोंदविला.

याचा उपयोग काय, असें आमच्या घरांतील व्यवहारी मंडळी विचारतीलच. गंमत अशी कीं, स्नेल्सन यांस विचारलें असतें तर इमारतीसाठीं फारसा नाहीं, असें त्यांनीं सरळ सांगितलें असतें. आयुष्यभर अशा रचना केल्यावर त्यांचें मत हेंच होतें. भार ठेवला कीं त्या लवतात, आणि तारांत एवढा ताण सतत ठेवणें महाग पडतें. तरीही इंजिनियर स्वस्थ बसले नाहींत. ऑस्ट्रेलियांत ब्रिस्बेन येथें नदीवर २००९ सालीं कुरिल्पा नांवाचा ४७० मीटर लांबीचा पूल झाला, पायीं चालणाऱ्यांसाठीं आणि सायकलवाल्यांसाठीं. त्याच्या रचनेंत साध्या पुलाच्या आधारांबरोबर ही युक्तीही वापरली आहे. ‘नासा’च्या संशोधकांनीं तर आमच्याच सहा काड्यांची मोठी आवृत्ति केली. तारा आंखडून व सोडून ती गडगडत चालते, आणि परग्रहावर आदळली तरी मोडूं नये, ही तीमागील कल्पना.

या सर्वांहून आम्हांस नवल वाटलें तें डॉनल्ड इंगबर यांच्या हकीकतीचें. १९७० नंतरच्या दशकांत येल विद्यापीठांत जीवशास्त्र शिकत असतां ते शिल्परचनेच्या एका वर्गास बसले होते. तेथें शिक्षकांनीं असाच काड्यादोऱ्यांचा नमुना दाखविला. दाबल्यावर तो चपटा झाला आणि सोडल्यावर उसळून पूर्ववत् झाला. इंगबर यांच्या मनांत आलें कीं, सजीव पेशीही अशीच वागते. बशीला चिकटली कीं ती पसरते, सुटली कीं गोल होते. पेशींत ताण धरणारे तंतु आहेत, दाब सोसणाऱ्या सूक्ष्म नळ्या आहेत. मग तिचा सांगाडा याच जातीचा कां नसावा? या कल्पनेवर त्यांनीं पुढें वर्षानुवर्षें संशोधन केलें. सर्व जीवशास्त्रज्ञांस ती जशीच्या तशी मान्य आहे असें नाहीं, पण पेशीचा आकार आणि ताण यांचा संबंध तेव्हांपासून गंभीरपणें तपासला जाऊं लागला. चित्रकला शिकावयास गेलेल्या मुलानें रचनाशास्त्रांत भर घातली, आणि शिल्पाच्या वर्गांत बसलेल्या जीवशास्त्राच्या मुलानें पेशींत डोकावून पाहिलें. आमच्या काळीं चित्रकलेचा तास रिकामा म्हणून आम्हीं कितीदां गणितासाठीं मागून घेतला आहे!

स्नेल्सन स्वतः मात्र अखेरपर्यंत शिल्पकारच राहिले. आपल्या रचनांचें मूळ ते विणकामांत शोधीत. विणतांना एक धागा वरून तर दुसरा खालून जातो आणि उजव्या पिळाशेजारीं डावा पिळ येतो, तेंच आपण नळ्यांत करतों, असें त्यांचें म्हणणें. बुरुडानें विणलेली विरळ टोपली घरांत असेल तर तिचे षट्कोनी डोळे पाहावेत. तीन दिशांनीं गेलेल्या पट्ट्या एकमेकींना नुसत्या अडवून धरतात, खिळा नाहीं कीं गोंद नाहीं. २०१६ सालीं, वयाच्या एकोणनव्वदाव्या वर्षीं, न्यूयॉर्क येथें स्नेल्सन वारले. फुलर त्यांच्या आधीं, १९८३ सालीं.

नीडल टॉवरच्या आंत उभें राहून सरळ वर पाहिलें असतां नळ्या आणि तारा यांच्या जाळ्यांतून एकांत एक बसलेले सहा पाकळ्यांचे तारे दिसतात. खालचा मोठा, वरचा लहान, असे टोंकापर्यंत. त्यांत कांहीं धार्मिक चिन्ह आहे काय, असें लोक शिल्पकारास विचारीत. त्यांचें उत्तर असें कीं, तो तारा आपण काढलेला नाहीं. प्रत्येक थरांत तीन नळ्या आहेत, एक थर उजवा आणि एक डावा, म्हणून तो आपोआप येतो. आमच्या नातवानें तें छायाचित्र पाहून लगेच कागदावर एक त्रिकोण काढला, त्यावर दुसरा उलटा काढला, आणि कोन मोजले.